लॉगआउट न करता सॉफ्टवेअर कसं टाकायचं: साध्या खात्यावर काम करणाऱ्यांसाठी

महिन्याची २० तारीख, दुपारचे चार. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या एका करसल्लागाराच्या ऑफिसात ऑपरेटर ताईंसमोर टॅली उघडं होतं, चार एक्सेल शीट उघड्या होत्या, जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन झालेलं होतं. तेवढ्यात एका क्लायंटचं डिजिटल सिग्नेचरचं नवं टोकन आलं. ते लावलं, तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, टाकायला कॉम्प्युटर अ‍ॅडमिनचा (म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड मागायला लागला. ताईंनी सगळं सेव्ह केलं, बंद केलं, साइन आउट केलं, अ‍ॅडमिनच्या खात्यात जाऊन ड्रायव्हर टाकला. मग आता इथं आलोच आहोत तर राहू द्या, म्हणून रात्री आठपर्यंत तिथंच काम केलं. मेल तिथंच, व्हॉट्सअ‍ॅप वेब तिथंच, लोकांनी पाठवलेल्या झिप फाइलीही तिथंच उघडल्या.

नाशिकमधल्या छोट्या ऑफिसांचे, दुकानांचे आणि द्राक्षाच्या पॅक हाऊसचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. हे असं मला वरचेवर दिसतं. खात्यांच्या अदलाबदलीत वीस मिनिटं गेली त्याचं फार नाही, पण पुढचे जवळजवळ चार तास अ‍ॅडमिनच्या खात्यात गेले याची मला खरंच काळजी वाटते. साध्या खात्यात एखादी वाईट फाइल चुकून उघडली आणि तिने अख्ख्या कॉम्प्युटरचा अधिकार घेऊ पाहिला, तर विंडोज पासवर्ड मागतं आणि तो नसला की काम तिथंच थांबतं. अ‍ॅडमिनच्या खात्यात पासवर्ड मागत नाही, फक्त 'येस' की 'नो' एवढंच विचारतं. घाईत माणूस 'येस' दाबतोच.

खातं बदलायची मुळात गरजच नसते. तुम्ही तुमच्या साध्या खात्यात बसायचं आणि त्या एका सेटअपपुरता अ‍ॅडमिनचा पासवर्ड द्यायचा. काम संपलं की तो अधिकारही संपतो. उघडी टॅली, पोर्टल, एक्सेल, काहीही बंद करावं लागत नाही. ही सोय जुनीच आहे. विंडोज २००० मध्ये शिफ्ट दाबून आणि एक्सपीमध्ये नुसतं राइट क्लिक केलं की 'रन अ‍ॅज' मिळायचं. २००७ च्या जानेवारीत व्हिस्टा सर्वसामान्यांच्या हाती आली आणि तेव्हापासून पडदा काळपट करून परवानगी विचारणारी ती खिडकी आली. तिला युजर अकाउंट कंट्रोल म्हणतात, कॉम्प्युटरवाले तिला थोडक्यात यूएसी म्हणतात. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून सांगतो.

आधी दोन गोष्टी बघून घ्या

तुमचं खातं कोणतं आहे? सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग युवर इन्फो. तुमच्या नावाखाली 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' लिहिलं असेल तर तुम्ही अ‍ॅडमिन आहात. तो शब्द नसेल तर खातं साधं. घरच्या कॉम्प्युटरवर बहुतेकांचं एकच खातं असतं आणि ते अ‍ॅडमिनचंच असतं. तसं असेल तर आधी दुसरं एक अ‍ॅडमिन खातं उघडा, त्याला पासवर्ड द्या, त्यात एकदा शिरून पासवर्ड चालतो याची खात्री करा, आणि मगच आपलं रोजचं खातं 'स्टँडर्ड युजर' करा. हा क्रम उलटा करू नका. कॉम्प्युटरवर एकही चालू अ‍ॅडमिन खातं उरलं नाही, तर यूएसीच्या खिडकीत 'येस' दाबताच येत नाही, फक्त 'नो' उरतं, आणि तिथून बाहेर पडायला बराच त्रास होतो.

दुसरी गोष्ट, कॉम्प्युटर कोणाचा? ऑफिसचा असेल तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मालकाकडे किंवा कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाकडे असतो आणि तो त्यांनीच टाकायचा. या लेखातली पद्धत त्यांना शेजारी उभं करून वापरायची आहे.

पासवर्ड खरंच लागतो का?

नव्या माणसाला हे कोणी सांगतच नाही. सगळ्याच सॉफ्टवेअरला अ‍ॅडमिन लागत नाही. सॉफ्टवेअर जर सी ड्राइव्हच्या 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक जागेत बसणार असेल, तर परवानगी लागते. तुमच्या खात्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसणार असेल, तर लागत नाही. क्रोमच्या सेटअपने पासवर्ड मागितला आणि तुम्ही नकार दिला, तर ते फक्त तुमच्या खात्यापुरतं बसवायची तयारी दाखवतं. व्हीएस कोडचे तर दोन वेगळे सेटअपच मिळतात, एक 'युजर'चा आणि एक 'सिस्टिम'चा. एकट्यासाठी हवं असेल तर युजरवाला घ्या, पासवर्डचा प्रश्नच येत नाही. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली बहुतेक अ‍ॅप्सही साध्या खात्यात बसतात.

मराठी टायपिंगसाठी तर अनेकदा काही टाकायचीच गरज नसते. इनस्क्रिप्टचा मराठी कीबोर्ड विंडोजमध्ये आहेच, आणि २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिकही आला. सेटिंग्जमध्ये भाषेच्या यादीत मराठी जोडा आणि तिथून कीबोर्ड निवडा. इंटरनेटवरून कुठलं तरी 'फ्री मराठी टायपिंग' उतरवून त्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड देणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.

फॉन्टचंही असंच. पत्रिका छापणाऱ्यांना रोज नवा फॉन्ट लागतो. २०१८ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून साध्या खात्यातून फॉन्ट टाकता येतो. फाइलवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल' म्हणा, तो तुमच्यापुरता बसतो. त्याच मेनूत ढालीचं चित्र असलेलं 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' दिसतं, त्याला मात्र पासवर्ड लागतो. अडचण एकच. डिझाइनची काही जुनी सॉफ्टवेअर फक्त सामायिक फोल्डरमधलेच फॉन्ट बघतात. फॉन्ट वर्डमध्ये दिसतोय आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही असं झालं, तर सगळ्यांसाठीवाला पर्याय घ्या.

आता प्रत्यक्ष काम

सेटअपची फाइल कंपनीच्या मूळ साइटवरून घ्या आणि कॉम्प्युटरच्याच डिस्कवर ठेवा. डाउनलोड्स फोल्डर चालतो, पेनड्राइव्हही चालतो. ऑफिसच्या सर्व्हरवरचा, झेड किंवा वाय अशा अक्षराने जोडलेला ड्राइव्ह मात्र टाळा. तो ड्राइव्ह तुमच्या खात्याने जोडलेला असतो. सेटअप अ‍ॅडमिनच्या नावाने चालू झाला की त्याला ते अक्षर दिसतच नाही आणि तो 'फाइल सापडत नाही' म्हणून थांबतो. तुम्हाला फाइल डोळ्यासमोर दिसत असते, त्यामुळे डोकं चक्रावतं. आधी कॉपी करून आणा आणि मग चालवा.

फाइलवर राइट क्लिक करा आणि 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. नुसतं डबल क्लिक केलं तरी बहुतेक सेटअप स्वतःच परवानगी मागतात, फाइलीच्या चित्रावर निळी-पिवळी ढाल असते ती त्याचीच खूण. पण जुने सेटअप कधी कधी मागतच नाहीत आणि अर्ध्यातून पडतात, म्हणून राइट क्लिकची सवय बरी.

पडदा काळपट होईल आणि खिडकी येईल. इथं थांबा आणि वाचा. वरची पट्टी निळी असेल तर सॉफ्टवेअर कोणाचं आहे याची सही तपासून झालेली असते आणि 'व्हेरिफाइड पब्लिशर'पुढे कंपनीचं नाव असतं. पट्टी पिवळी असेल आणि नावाच्या जागी 'अननोन' असेल, तर फाइल कुठून आणली ते आठवा. सरकारी कामाच्या काही जुन्या युटिलिटी अशा विनासहीच्या असतात हे खरं, पण टॅलीच्या किंवा टोकनच्या ड्रायव्हरच्या नावाखाली पिवळी पट्टी आली तर मी तरी 'नो' दाबतो आणि फाइल पुन्हा मूळ साइटवरून आणतो.

खाली अ‍ॅडमिन खात्याचं नाव आणि पासवर्डची जागा दिसेल. एकापेक्षा जास्त अ‍ॅडमिन असतील किंवा पिन मागत असेल, तर 'मोअर चॉइसेस' दाबून हवं ते खातं निवडा. कंपनीच्या डोमेनमधल्या, म्हणजे मध्यवर्ती सर्व्हरला जोडलेल्या, कॉम्प्युटरवर नाव स्वतः टाइप करावं लागतं. तिथं याच कॉम्प्युटरवरचं खातं सांगायचं असेल तर नावाआधी एक टिंब आणि उलटी तिरकी रेघ द्या, म्हणजे विंडोज नाव सर्व्हरवर शोधत बसत नाही. पासवर्ड टाका, 'येस' दाबा.

सेटअप चालू झाल्यावर 'फक्त माझ्यासाठी' की 'सगळ्यांसाठी' असं विचारलं, तर इथं 'सगळ्यांसाठी'च निवडा. कारण या क्षणी सेटअपच्या दृष्टीने 'मी' म्हणजे तुम्ही नव्हे, ज्याचा पासवर्ड टाकला तो अ‍ॅडमिन. आणि शेवटच्या पानावर 'फिनिश'च्या वर 'आत्ता सुरू करा' अशी टिक असते, ती काढा. ही टिक राहिली तर काय होतं ते पुढं सांगतो, मी स्वतः भोगलं आहे.

फाइलीचं नाव एमएसआयने संपत असेल तर तिच्या राइट क्लिकमध्ये 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' नसतंच. बऱ्याचदा डबल क्लिक केलं की ती स्वतः पासवर्ड मागते आणि काम होतं. मध्येच अडली तर हे करा. शिफ्ट दाबून फाइलवर राइट क्लिक करा आणि 'कॉपी अ‍ॅज पाथ' घ्या. मग स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून तो अ‍ॅडमिन म्हणून उघडा. त्यात एम, एस, आय, ई, एक्स, ई, सी ही अक्षरं सलग टाइप करा, एक जागा सोडा, सुलटी तिरकी रेघ आणि तिला चिकटून आय, पुन्हा एक जागा, आणि मग तो पाथ, म्हणजे फाइलीचा पूर्ण पत्ता, पेस्ट करा. फाइल ओढून त्या काळ्या खिडकीत टाकायला जाऊ नका. साध्या खात्याच्या खिडकीतून अ‍ॅडमिनच्या खिडकीत ओढाओढ विंडोज चालू देत नाही, पेस्ट मात्र चालतं. काम झालं की ती काळी खिडकी लगेच बंद करा. ती उघडी असेपर्यंत तिच्यातून चालवलेली प्रत्येक गोष्ट अ‍ॅडमिन असते.

शिफ्ट दाबून राइट क्लिक केल्यावर 'रन अ‍ॅज डिफरंट युजर' असाही पर्याय दिसतो. नावावरून सारखाच वाटतो, पण तो दुसऱ्याच्या नावाने प्रोग्राम उघडतो आणि अ‍ॅडमिनचा पूर्ण अधिकार देत नाही. त्यातून सेटअप चालवला तर कित्येकदा '७४०' क्रमांकाची चूक येते, म्हणजे वरचा अधिकार हवा. सॉफ्टवेअर टाकायला तो वापरू नका.

चुकून कोणाच्या घरात गेलं?

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीत, दिंडोरीकडच्या एका पॅक हाऊसमध्ये पेट्यांवरचं लेबल छापायचं सॉफ्टवेअर टाकायला गेलो होतो. साध्या खात्यातूनच टाकलं, पासवर्ड दिला, सगळं नीट झालं. शेवटी ती 'आत्ता सुरू करा'ची टिक तशीच राहिली. सॉफ्टवेअर उघडलं, म्हणून त्याच खिडकीत बसून मी लेबलचा नमुना बनवला, सेव्ह केला, दोन लेबलं छापून दाखवली आणि निघालो. रात्री साडेदहाला तिथल्या ताईंचा फोन. "भाऊ, सॉफ्टवेअर उघडतंय, पण तुम्ही केलेलं लेबल कुठंच नाही. सकाळी सहाला कंटेनर भरायचाय हो."

लेबल गेलं नव्हतं. ती खिडकी अ‍ॅडमिनच्या नावाने उघडलेली होती, त्यामुळे 'डॉक्युमेंट्स' म्हणजे अ‍ॅडमिनचं डॉक्युमेंट्स. प्रिंटरची मापंसुद्धा त्याच खात्यात नोंदली गेलेली. ताईंच्या खात्यातून ते फोल्डर उघडत नव्हतं, आणि उघडू नये हे बरोबरच आहे. मी परत गेलो, फाइल काढून त्यांच्या खात्यात ठेवली, मापं पुन्हा भरली. साडेबारा वाजले. त्या दिवसापासून मी सेटअप संपला की टिक काढतो, खिडकी बंद करतो आणि मग ज्याला काम करायचं आहे त्याच्याच आयकॉनवरून सॉफ्टवेअर उघडतो. पहिली ओळख, लायसन्स, मापं, टेम्प्लेट, सगळं त्या खात्यात.

हाच घोळ आयकॉनचाही होतो. सॉफ्टवेअर टाकलं, पण डेस्कटॉपवर काहीच दिसत नाही. काही सेटअप आयकॉन ज्याचा पासवर्ड दिला त्याच्या डेस्कटॉपवर ठेवतात. सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्समध्ये बसलं असेल तर काळजी नाही, तिथून मुख्य फाइल शोधा, राइट क्लिक करून डेस्कटॉपवर शॉर्टकट पाठवा. पण जे सॉफ्टवेअर मुळात एका खात्यापुरतंच बसतं, त्याला तुम्ही पासवर्ड देऊन चालवलं असेल, तर अख्खं सॉफ्टवेअरच अ‍ॅडमिनच्या फोल्डरमध्ये गेलेलं असतं. मग ते अ‍ॅडमिनच्या खात्यातून काढून टाका आणि पासवर्ड न देता, साध्या डबल क्लिकने पुन्हा बसवा.

रोज पासवर्ड मागणारं जुनं सॉफ्टवेअर

सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांत एखादं पंधरा-वीस वर्षांचं स्टॉकचं किंवा पगाराचं सॉफ्टवेअर हमखास असतं. ते स्वतःचा डेटा प्रोग्राम फाइल्समधल्या आपल्याच फोल्डरमध्ये लिहितं. साध्या खात्याला तिथं लिहायची मुभा नाही. लोक यावर सोपा उपाय काढतात, ऑपरेटरलाच अ‍ॅडमिन करून टाकतात. एका फोल्डरसाठी अख्खा कॉम्प्युटर उघडा करायचं काहीच कारण नाही. सॉफ्टवेअर परवानगी देत असेल तर डेटाचं फोल्डर डी ड्राइव्हवर हलवा. नसेल तर अ‍ॅडमिनकडून फक्त त्या एका फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये, सिक्युरिटीच्या पानावर, युजर्सना 'मॉडिफाय' द्या. ऑपरेटर साध्या खात्यात राहतो आणि सॉफ्टवेअर निमूट चालतं.

यातला एक प्रकार फार फसवा आहे. व्हिस्टापासून विंडोज अशा काही जुन्या सॉफ्टवेअरना अडवत नाही. त्यांनी प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला घेतलं की गुपचूप त्या खात्याच्या 'व्हर्च्युअल स्टोअर' नावाच्या फोल्डरमध्ये लिहू देतं. सॉफ्टवेअरला वाटतं आपण मूळ जागीच लिहिलं. मग सकाळच्या पाळीचा माणूस त्याच्या खात्यातून नोंदी करतो, दुपारचा माणूस त्याच्या खात्यातून उघडतो, आणि सकाळच्या नोंदी गायब! दोघांची भांडणं होतात, तू डिलीट केलंस, मी नाही केलं. प्रत्यक्षात दोघांचा डेटा दोन वेगळ्या फोल्डरमध्ये शाबूत असतो. एकाच कॉम्प्युटरवर दोन खात्यांत वेगवेगळे आकडे दिसले, तर कोणावर आळ घेण्याआधी ते फोल्डर बघा. ते प्रत्येकाच्या खात्यातल्या 'अ‍ॅपडेटा'च्या 'लोकल'मध्ये असतं, आणि 'अ‍ॅपडेटा' लपवलेलं असल्यामुळे आधी लपवलेल्या फाइली दाखवायचा पर्याय चालू करावा लागतो.

प्रिंटरबद्दल थोडक्यात. २०२१ च्या जून-जुलैत विंडोजच्या छपाईच्या व्यवस्थेत मोठी भगदाडं सापडली. त्यानंतर १० ऑगस्टच्या अपडेटपासून नेटवर्कवरच्या प्रिंटरचा नवा ड्रायव्हर घ्यायला अ‍ॅडमिन लागतो. काल चालत होतं, आज पासवर्ड का मागतं, असं तेव्हा कित्येकांनी विचारलं होतं. पासवर्ड एकदा द्या, ड्रायव्हर बसला की रोजच्या छपाईला लागत नाही.

विंडोजऐवजी उबुंटू वापरणाऱ्यांना हे सगळं सोपं जातं. साध्या खात्यातून सॉफ्टवेअर टाकायला गेलात की खिडकी अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड मागते. टर्मिनलमध्ये वरच्या अधिकाराने आज्ञा चालवणारं सुडू मात्र तुमचं खातं सुडूच्या गटात असेल तरच चालतं, तिथं दुसऱ्याचा पासवर्ड देऊन भागत नाही.

दूर बसलेल्या माणसाकडून करून घेताना

आता बरंचसं काम फोनवर आणि एनीडेस्कवर, म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरून चालवायच्या सॉफ्टवेअरवर, चालतं. तिथं नेमका याच खिडकीपाशी खोळंबा होतो. यूएसीचा काळपट पडदा मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो, दुसऱ्या प्रोग्रामला तो दिसू नये म्हणून. त्यामुळे दूरच्या माणसाचा पडदा अनेकदा काळा होतो किंवा गोठतो. अशा वेळी घाबरून कोणी फोनवर पासवर्ड सांगतं, कोणी ती खिडकीच कायमची बंद करायची सेटिंग शोधतं. दोन्ही करू नका. जागेवर ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याने तो टाकायचा, बाकीचं दूरच्या माणसाने करायचं.

दिंडोरीच्या त्या पॅक हाऊसमध्ये आम्ही तसंच ठरवलं आहे. गेल्या हंगामात नवा बारकोड स्कॅनर आला. मी गंगापूर रोडला होतो, ताई त्यांच्या खात्यात बसलेल्या, लेबलं छापायचं काम चालूच. मी फोनवर म्हटलं, "पट्टीचा रंग कोणता दिसतोय ताई?" त्या म्हणाल्या, "निळा. आणि स्कॅनरच्या खोक्यावर जे नाव आहे तेच इथं आहे." मालकांनी पासवर्ड टाकला, ताईंनी शेवटची टिक काढली, आणि मधल्या काळात एकही लेबल थांबलं नाही.